रस्त्यासाठी हलवलेलं खाचर

१० जुलै. आजचं काम: टेप धुणे.

मोजणीची टेप चिखलातून ओढत आणली की तशीच गुंडाळून ठेवायची नसते. आकडे घासून जातात आणि पुढच्या खेपेला तीन आणि आठ यांतला फरक कळत नाही. म्हणून घरी आल्या आल्या ती बादलीत साबणाच्या पाण्यात सोडायची, फडक्यातून ओढून काढायची आणि गॅलरीतल्या दोरीवर वाळत घालायची. माझे यजमान म्हणतात, "लोकांच्या घरी साड्या वाळत असतात, आमच्याकडे तीस मीटर."

पोलादपूरकडे परवापासून उघडीप आहे. ऐन लावणीत पाऊस थांबला की सगळा तालुका आभाळाकडे बघून शिव्या देतो. मी मात्र खूश आहे. उद्या सकाळी मला धारवाडीला एक खाचर बघायला जायचंय. खाचर म्हणजे डोंगरउतारावर बांध घालून केलेली भातशेतीची सपाट पायरी. त्यात पाणी टिकतं की नाही हे पाऊस कोसळत असताना समजत नाही. पाऊस थांबला की दोन दिवसांत समजतं.

खाचर बघणं माझ्या कामात बसत नाही. मी रस्त्यांची अभियंता. महाडच्या कार्यालयात माझी नोकरी आता संपत आली आहे. संपादकांनी दिवाळी अंकासाठी "नोकरीतले अनुभव" मागितले, पण सगळे लिहायला घेतले तर बदल्यांची यादी होईल आणि ती माझ्या घरचेही वाचणार नाहीत. त्यापेक्षा एकाच रस्त्याचं सांगते. तो झाला आहे. त्याच्यापायी हलवलेलं खाचर झालं की नाही, हे उद्या ठरेल.

आधी माझं काम काय, ते थोडक्यात. खेड्यापाड्यांतल्या बऱ्याच रस्त्यांचा पैसा दिल्लीहून येतो. एखादी वाडी पक्क्या रस्त्याने जोडलेली नसेल तर केंद्राच्या ग्रामीण रस्त्यांच्या योजनेत तिचं नाव घालता येतं. मोठा वाटा केंद्राचा, उरलेला राज्याचा. पण दिल्लीला वाडी दिसत नाही, वाडीचे कागद दिसतात, आणि ते आम्ही करायचे. वाडीची लोकसंख्या योजनेत बसते का, चढ किती, पाणी काढून द्यायला रस्त्याखालून मोऱ्या किती, वनखात्याची जमीन मध्ये येते का, आणि मुख्य म्हणजे रस्त्याची रेघ कुठून जाते.

लोकसंख्येपासूनच घोळ सुरू होतो. आमच्या डोंगरातल्या वाड्यांतली निम्मी माणसं मुंबईत. शिमग्याला आणि गणपतीला वाडीत पाय ठेवायला जागा नसते, पण शिरगणतीवाले शिमग्याला येत नाहीत. कापडे गावाच्या वर डोंगरात असलेली धारवाडी एकटी योजनेत बसतच नव्हती. तिच्या खालची एक वाडी हाकेच्या अंतरावर आहे, म्हणून दोघींची माणसं मिळून मोजली तेव्हा बसली. नियमात तशी सोय आहे. मात्र त्यातून दोघींचं नशीब एकत्र बांधलं गेलं. एक गळली तर दुसरीही गळणार.

यानंतरची गोष्ट ऐकून शहरातले लोक चकित होतात. या अनुदानात रस्त्याला पैसे आहेत, जमिनीला नाहीत. जमीन गावाने आपखुशीने द्यायची. आणि आमच्या भागात तर महामार्गात गेलेल्या जमिनींचा मोबदला सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलाय. त्यामुळे प्रत्येक वाडीत संभाषण ठरलेलं.

"म्याडम, जमिनीचं आमाला काय?"

"रस्ता."

"तो हायच. त्याच्यावर काय?"

"त्याच्यावरून एसटी."

नाते गावाकडच्या एका वाडीत एका गृहस्थांनी जमीन दिली, पण जमिनीतला फणस द्यायला तयार होईनात. "जमीन बापाची, फणस माझा," म्हणाले. शेवटी रस्ता फणसाला वळसा घालून नेला. नकाशातलं ते वळण बघून वरच्या साहेबांनी विचारलं, इथे काय आहे? मी म्हटलं, झाड आहे. कसलं, ते विचारलं नाही म्हणून बरं झालं. आता त्या फणसाखाली रिक्षा थांबतात आणि हंगामात गृहस्थ तिथेच गरे विकतात. सगळे तंटे इतक्या स्वस्तात मिटत नाहीत.

कागद करण्याआधी रस्त्याची रेघ गावाबरोबर चालून बघायची असते. त्याला आम्ही फेरी म्हणतो. धारवाडीच्या फेरीच्या दिवशी मी खाली पोचले तर वाट झाडलेली, कडेने चुन्याच्या रेघा ओढलेल्या आणि तात्या डोक्याला फेटा बांधून उभे. तात्या म्हणजे धारवाडीच्या गावकीचे मुख्य. गावकी म्हणजे वाडीतल्या घरांनी आपली आपण चालवलेली पंचायत. सरकारी ग्रामपंचायत वेगळी, आणि खरं सांगायचं तर तिचं इतकं कुणी ऐकत नाही.

तात्यांनी मला पाखाडीने वर नेलं. पाखाडी म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट. ती एका अंगणातून निघून दुसऱ्या अंगणात शिरत होती, आणि प्रत्येक अंगणात चहा. चौथ्या चहाला मी टेप खाली ठेवली.

"तात्या, ही तर पायऱ्यांची वाट आहे. इथून गाडी कशी चढेल?"

"देव चढतो की!"

"देवाला माणसं उचलून नेतात."

"मग रस्ता काय देवापेक्षा मोठा लागून गेला?" तात्या म्हणाले. "शिमग्याला पालखी ह्याच वाटेनं जाते. एकाचं पन अंगन सोडत नाय. रस्ता दुसरीकडनं न्हेला तर ज्याचं अंगन सुटंल तो उद्या गावकीत भांडन काढंल. त्यापेक्षा हेच बरं. देवानं आखून दिल्यालं हाय."

त्यांची अडचण खोटी नव्हती. पालखी प्रत्येक दारात थांबते, तशी त्यांना मोटार प्रत्येक दारात थांबायला हवी होती. मी चढाचं गणित सांगितलं, उतारावर ब्रेक कसे निकामी होतात ते सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि ग्रामसभेत पाखाडीचाच ठराव करून पाठवून दिला. व्हायचं तेच झालं. प्रस्ताव वरून परत आला: चढ मान्य होण्यासारखा नाही. "मी सांगितलं होतं," असं म्हणायला मजा येते, पण त्या मजेत एक पावसाळा वाया गेला.

दुसऱ्या फेरीला तात्या बिनफेट्याचे आले. मी म्हटलं, "देवाची वाट राहू द्या. म्हशी कुठून चढतात ते दाखवा." हे माझ्या पहिल्या साहेबांनी शिकवलेलं. माणूस हट्टाने सरळ वर जातो, म्हैस जात नाही. तिचं पोट जड, ती उतार धरून आडवी आडवी चढते, आणि जड गाडीलाही तसंच चढायचं असतं.

वाडीत सगळ्यांत जास्त म्हशी सुभद्राकाकीच्या. साठी ओलांडलेली बाई, काठीसारखी ताठ. नवरा वारलेला, मुलगा राजेश मुंबईत टेम्पो चालवतो. काकी रोज दुधाची किटली घेऊन पाखाडी उतरायची, कापड्यावरून वडापची, म्हणजे माणशी भाडं घेणारी, जीप धरून पोलादपूरला दूध घालायची आणि पुन्हा चढायची. गुडघे कुरकुरायला लागले होते. त्यामुळे रस्ता सगळ्यांत जास्त कुणाला हवा होता तर तिलाच. तिने म्हशी सोडल्या आणि आम्ही मागून टेप घेऊन निघालो.

"एवडी शिकलीस," काकी मागे वळून म्हणाली, "आनि शेवटी म्हशीच्या शेपटीमागं आलीस ना गो बाय?"

"म्हैस फी घेत नाही, काकी."

"मी घेईन. एक फेरी धा रुपये."

हसत हसत आम्ही अर्धा डोंगर चढलो. रेघ सुंदर जमत होती. मग म्हशी एका सपाटीवर आल्या आणि तिथून उलट्या दिशेला वळून वर चढायला लागल्या. मी थांबले. डोंगरात रस्त्याला एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूला उलटं वळायचं तर ऐसपैस सपाट जागा लागते, आणि डोंगरात सपाट जागा म्हणजे कुणाचं तरी खाचर असतं. दुसरी जागा आहे का म्हणून मी वर, खाली, डावीकडे, उजवीकडे बघितलं. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला ओढा.

"हितं कशाला थांबलीस?" काकीने विचारलं.

"कुणाचं खाचर हे?"

काकीने हातातली काठी बांधात रोवली. मग मला समजलं.

तिचं ते एकच खाचर. वर्षाचा तांदूळ त्यातून निघायचा, आणि म्हशींना पेंढाही. ते गेलं तर दुधाचे पैसे तांदळात जाणार, आणि पेंढा विकत घेऊन म्हशी पाळणं काही परवडत नाही. म्हणजे रस्ता आला की तिचं दूध खाली लवकर पोचणार, पण दूध देणाऱ्या म्हशी राहणार की नाही याचाच प्रश्न. बदल्यात द्यायला माझ्याकडे एक रुपया नव्हता.

"बाय, चहा पिऊन जा," एवढंच ती म्हणाली. तो चहा मला कसा लागला हे विचारू नका.

पुढचे महिने तिने सही केली नाही. मीही दोनदा जाऊन आल्यावर गेले नाही. एखाद्या बाईचं ताट ओढून घ्यायला किती वेळा जाणार? पण याद्या दिल्लीला जायच्या होत्या, आणि संमतीशिवाय धारवाडी त्यात जाणार नव्हती. खालच्या वाडीची माणसं येऊन मला विचारून जात, "आमचा काय गुन्हा, म्याडम?"

शेवटी तात्यांनी शिमग्याला गावकी बसवली, कारण तेव्हा मुंबईकर घरी असतात. देवळापुढच्या मांडवात दुपारी सगळे जमले. मुंबई मंडळाचे अध्यक्ष विलास बूट घालून पुढे बसले होते. ते विमानतळावर मालाच्या विभागात काम करतात आणि गावात आले तरी घाईतच असतात.

"मॅडम, टू द पॉइंट बोला. सुभद्राकाकीची एक साइन. बाकी सब क्लिअर ना?"

"बाकी सगळं आहे."

"मग रस्त्याच्या तोंडाशी कमान बसेल ना? मंडळाच्या नावाची? कमिटीत पास झालंय."

"कमानीला दिल्लीचे पैसे नाहीत."

"दिल्लीवाल्यांना सांगून बघा की."

मग सगळ्यांनी मिळून काकीला समजवायला सुरुवात केली. गावाचं भलं, पोरांचं भविष्य, डोलीत घालून खाली न्यावी लागलेली आजारी माणसं. सगळं खरं होतं. काकी ऐकत होती. तात्या म्हणाले, "वयनी, त्याग कराया लागतो. आता माझंच बघ. म्हशीच्या वाटंनं रस्ता गेला, माझ्या दारात येत नाय. मी बोललो काय?"

"तुझ्या दारात येत नाय म्हनून तू रडतोस," काकी म्हणाली. "माझ्या ताटात येतोय, त्याचं काय?"

मागे बसलेल्या बायका पदराआड हसल्या. काकी उठून उभी राहिली.

"शिमग्याला पालखी निघते तवा घरटी एक मानूस खांद्याला लागतो का नाय? मानूस मुंबैत असला तं रजा टाकून येतो. आजारी असला तं भावाला धाडतो. एकट्यानं कुनी देव उचलल्याला बगितला हाय? मग रस्ता सगळ्यांचा, आनि खांदा माझ्या एकटीचा कसा?"

योजनेचे सगळे नियम मला पाठ आहेत, पण नियमात गाव "जमीन देतं" असं लिहिलेलं असतं. जमीन गाव देत नाही, एक घर देतं. हे कुणी इतकं स्वच्छ बोललं नव्हतं.

तात्यांनी तंबाखू मळली. मग म्हणाले, "झऱ्याखाली माझं वरकस पडून हाय. उतार हाय, पन गडगा घालून भरून घेतलं तर खाचर होईल. जमीन माझी. गडग्याला घरटी एक मानूस. मे महिन्यात मुंबैवाले येतीलच."

वरकस म्हणजे भात न होणारी उताराची हलकी जमीन, आणि गडगा म्हणजे दगडांची रचलेली भिंत. आता माझी पाळी होती. मी म्हटलं, "काकींच्या खाचरातली माती रस्त्याखाली ठेवताच येत नाही. ती खरवडून काढावी लागते, ते ठेकेदाराचं काम आहे. एरवी ती कुठेतरी टाकून देतात. ती इथे आणून टाकायची, एवढं मी बघते."

"आनि ते वरकस माझ्या नावावर," काकी म्हणाली. "तोंडी नाय. तलाठ्याकडं जाऊन."

"माझ्यावर इस्वास नाय तुझा?"

"तुझ्यावर हाय रे. तुझ्या सुनांवर नाय."

या खेपेला तात्यासुद्धा हसले. काकीने सही केली. विलासनी लगेच फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला.

मंजुरी आली, निविदा निघाली, दिवाळीनंतर काम सुरू झालं. ठेकेदार महाडचा, माझ्या ओळखीचा. खाचराची माती झऱ्याखाली नेऊन टाक म्हटल्यावर तो म्हणाला, "मॅडम, आजवर खडी हलवली, डांबर हलवलं. शेत पहिल्यांदाच हलवतोय." पण हलवलं. काळी माती ढीग करून ताडपत्रीखाली ठेवली. मे महिन्यात मुंबईकर उतरले. घरटी एक ठरलं होतं, दोन दोन आले. गडगा असा रचला की मी माझ्या संरक्षक भिंतींच्या गवंड्यांना दाखवायला न्यावं. काकी तेव्हा मुलीच्या बाळंतपणाला गेली होती. ती परत येईपर्यंत खाचर तयार, नारळ फुटलेला, वर काळी माती पसरलेली. मी बघायला गेले तर मलाही छान वाटलं.

पाऊस आला आणि कळलं. रात्रभर कोसळून सकाळी थांबला की खाचर दुपारपर्यंत कोरडं. झऱ्याचं पाणी वरून येत होतं आणि गडग्याच्या तळातून निघून जात होतं. काकीने कुदळ घेऊन एका कोपऱ्यात खणलं. वीतभर काळ्या मातीखाली मुरूम, त्याखाली खडी, सगळं थराथराने धुमसून बसवलेलं. मुंबईच्या पोरांपैकी निम्मे इमारतींच्या कामावर. भर घालायची म्हटल्यावर त्यांनी इमारतीला घालतात तसं जोतं घातलं होतं. मनापासून, एक नंबर. मला ते छान वाटलं, कारण रस्ताही आम्ही तसाच बांधतो. माझी सगळी नोकरी पाणी घालवण्यात गेली आहे. पाणी धरायचं कसं, हे मला कुणी विचारलंच नव्हतं.

काकीने राजेशला फोन लावला आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुमी पोरांनी शेत केलाव का सोसायटी? आता लिफ्ट पन बसवा."

मग माझ्याकडे वळली. "आनि बाय, तुझ्या रस्त्यावर बग कसं तळं साचलंय. रस्ता पानी धरतो, शेत पानी सोडतं. नकाशा उलटा धरलावता काय गो?"

रस्त्याचं काम तेव्हा अर्धवट होतं, गटार काढायचं बाकी होतं. ते मी तिला समजावून सांगत बसले नाही.

त्या वर्षी काकीने तांदूळ विकत घेतला आणि एक म्हैस विकली. माझ्या कुठल्याही अहवालात ही नोंद नाही. तिला रकाना नाही. म्हणून इथे लिहिते.

जुन्या खाचराखाली पिढ्यान्‌पिढ्या चिखल करून करून चिकणमातीचा घट्ट थर झालेला असतो. खाचराचं खरं भांडं तो थर. वरची काळी माती आम्ही आणली आणि भांडं तिथेच ठेवलं. ठेकेदाराने तो थर वेगळा काढून खालच्या भरावाजवळ टाकला होता, कारण चिकणमाती रस्त्याला घातक. नशीब, की तिचा ढीग तसाच पडून होता. आणि या खेपेला रस्ता होता. डांबर पडलं होतं, गटारं झाली होती. ट्रॅक्टर चिकणमाती घेऊन खालून थेट वर आला. आदल्या वर्षी तीच माती डोक्यावरून न्यायची म्हटली असती तर कुणी नावही काढलं नसतं.

या मे महिन्यात गावकीने खाचर पुन्हा उघडलं. काळी माती बाजूला, खडी बाहेर, मुरूम बाहेर. यावेळी काकी गडग्यावर बसून होती. चिकणमाती पसरली, झऱ्याचं पाणी सोडलं आणि तिने उरलेल्या म्हशी आत घातल्या. म्हशी गोल गोल फिरवायच्या, खुरांनी तुडवून तुडवून माती लोण्यासारखी करायची. विलास बूट काढून, पँट दुमडून म्हशीमागे फिरत होते.

"अध्यक्ष, जरा कोपऱ्यात न्हे," काकी वरून ओरडायची. "म्हैस तुला वळवतेय का तू म्हशीला?"

"काकी, ही ऐकतच नाय!"

"कमिटीत पास करून घे, मग ऐकंल."

कोपरे बायकांनी पायांनी तुडवले. ठेकेदाराने रस्त्याचा छोटा रोलर देऊ केला होता. काकी म्हणाली, "नको. जड हाय, पन त्याला पाय कुठं हायत?"

पाऊस लागल्यापासून तिचा फोन नाही. मीही केला नाही. तिने रोप तयार केलंय एवढं तात्यांकडून कळलं. उद्या मला तसंही त्या बाजूला जायचंय. उमरठच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे, ती नव्या यादीत बसते आहे आणि तिची पहिली फेरी उद्या आहे. पावसाळ्यात फेरी कशाला, असं कार्यालयात विचारतात. उन्हाळ्यात डोंगर कोरडा असतो आणि पाणी कुठून येतं याबद्दल सगळे खोटं बोलतात. पावसात पाणी स्वतः सांगतं. आधी धारवाडी, मग ती फेरी. टेप वाळली. गुंडाळून पिशवीत टाकली.

११ जुलै. सकाळी.

कापड्यापर्यंत ऊन होतं. धारवाडीच्या रस्त्याला लागले, दोन्ही बाजूंची गटारं बघत बघत चढले. पहिल्या पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराकडेच असते, त्यामुळे काय काय सांगायचं ते मनात धरत होते. वळणावर गाडी थांबवली. ज्या जागेवर काकीने काठी रोवली होती तिथे आता पांढरे खांब आहेत. तिथून झरा दिसत नाही, चालत जावं लागतं.

मी आधी गडग्याच्या पायथ्याशी गेले. पाणी जायचं तर तिथून जातं. दगडांच्या फटींत हात घातला. शेवाळ ओलं होतं, पण पाणी वाहत नव्हतं. मग वर चढले.

खाचर काठोकाठ नव्हतं. पण भरलेलं होतं. तीन दिवस पाऊस नाही, शेजारच्या उताराची माती पांढरी पडू लागलेली, आणि इथे पाणी उभं. त्यात आभाळ दिसत होतं आणि मधोमध एक बगळा उभा होता. मी हातातली काठी बुडवून बघितली. तळ घट्ट लागला. काकी पलीकडच्या बांधावर रोपाच्या जुड्या मांडत होती.

"तीन दिस वाट बगतेय," ती म्हणाली. "आज येशील, उद्या येशील. म्हटलं लाजली वाटतं."

"फोन करायचा ना, काकी."

"फोनवर सांगून तुला खरं वाटलं असतं? काठी घातल्याबिगर तुझा इस्वास बसतो होय?"

मी काठी पुसली. तिने विचारलं, कुठे निघालीस. मी उमरठच्या वरच्या वाडीचं सांगितलं. पहिली फेरी, तिथल्या लोकांनी मला पालखीच्या वाटेवर बोलावलंय.

"मग तितं पन म्हशीच्या मागं जानार?"

"हो. पण आधी सपाटी कुणाची आहे ते विचारणार. नकाशावर एकच दिसतेय. त्या घरातल्यांशी पहिलं बोलायचं, मग टेप काढायची."

"कोन हाय घरात?"

"एक बाई एकटीच असते म्हणतात."

काकीने हातातली जुडी खाली ठेवली. पाय झऱ्यात धुतले, पदर खोचला आणि गाडीच्या दिशेने चालायला लागली.

"थांब. मी येते. तुझं ऐकून ती काय सही करायची नाय. आनि केलीन, तरी माती कशी आनायची ते तुला कुठं ठावं हाय?"

"काकी, लावणी?"

ती वळलीही नाही. "उद्या लावीन की. पानी आता कुठं पळतंय?"

मी गाडीचं पुढचं दार उघडलं.